कापगते मॅडमची वीट

कापगते मॅडम लॅबमध्ये बसलेल्या कोणी पाहिल्या नाहीत. मी पाहिल्या, पण त्या आतल्या स्टोअरमध्ये, दार लोटलेलं असताना. त्याबद्दल मी आजवर कोणाजवळ तोंड उघडलं नाही.

मी सातवी नापास. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी शोधून काढायला नको. भिलाईच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबचा अटेंडंट होतो. अटेंडंट म्हणजे बाटल्या धुणारा असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ब्युरेट धुऊन दाखवावी. ती लांब काचेची नळी, खाली तोटी. नीट धुतली असेल तर पाणी आतून सरसर पडद्यासारखं उतरते, एक थेंब भिंतीला चिकटत नाही. कितीक प्रोफेसर आले, गेले, माझ्या काचेत कोणी खोट काढली नाही. काढली ती या बाईनं, अन् तीही रुजू झाली त्याच दिवशी.

खिडकीजवळ जाऊन ब्युरेट उजेडात धरली आणि म्हणाल्या, भाऊ, ही पुन्हा धुवा. मी म्हटलं, धुतलेली आहे. त्यांनी वाद घातला नाही. मनगटावरचं मर्दानी घड्याळ काढलं, पदर खोचला, बेसिनवर उभं राहून दुसरी ब्युरेट स्वतः धुतली आणि दोन्ही शेजारी शेजारी लावल्या. माझ्या नळीत वरच्या अंगाला पाण्याची बारीक कडी राहिली होती. मग बरेच दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. माझा स्वभावच तसा आहे, आणि तो बदलायचं वय तेव्हाही नव्हतं.

मग कळलं की ही इथल्याच खुर्सीपार वस्तीतल्या कापगते मिस्त्रींची पोरगी. सासरचं आडनाव वेगळं, नवरा दुर्गला रेल्वेत, पण नोकरीत तिनं माहेरचंच नाव ठेवलं होतं. मिस्त्री मूळचे आमच्या भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतातून उठून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये आलेले. कोक ओव्हनवर, कोळसा भाजायच्या भट्टीवर, ड्यूटी. शिफ्ट सुटली की सायकलवर आमच्या कॅम्प-1च्या बाजारातून जायचे, पापण्यांपर्यंत काळे. ते कळल्यावर मी अबोला सोडला. मिस्त्रींच्या पोरीनं खोट काढली तर चालते.

पोरापोरींशी मॅडम हिंदीत बोलायच्या, फळ्यावर इंग्रजी लिहायच्या, मराठी फक्त स्टोअरमध्ये माझ्याशी. दार ओलांडून आत आल्या की त्या मॅडम राहायच्या नाहीत, खुर्सीपारच्या व्हायच्या. "भाऊ, तो पोट्टा काय करून राहिला पाहा जरा, नळच फोडते आता." बाहेर गेल्या की पुन्हा ताठ. ठेंगणी बाई, कानामागे निळी पेन्सिल, पायात रबरी सोलची चप्पल. आवाज न करता मागे येऊन उभ्या राहायच्या आणि पोरांच्या हातातून फ्लास्क सुटायचे.

त्यांचं एक वाक्य होतं. बापाचं वाक्य. भट्टी कोणासाठी थांबत नाही. कोक ओव्हनची भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. थंड पडली तर आतल्या विटा तडकतात. म्हणून दिवाळी असो की घरात मयत, कोणी ना कोणी तिच्यासमोर उभंच. मॅडमनी ते वाक्य प्लांटमधून उचलून लॅबमध्ये लावलं. कोणी म्हटलं आज बस आली नाही, भट्टी थांबत नाही. कोणी म्हटलं घरी लग्न आहे, भट्टी थांबत नाही. पोरं मागे त्यांना भट्टी मॅडमच म्हणायची. त्यांना ठाऊक होतं. वाईट वाटायचं नाही, उलट आवडत असावं.

लॅबमधले स्टूल त्यांनीच काढले. त्याला कारण होतं, तेही सांगतो, नाहीतर तुम्ही त्यांना उगाच खाष्ट ठरवाल. एक पोरगा स्टुलावर बसून काम करत होता, ॲसिड कलंडलं आणि सरळ मांडीवर. उभा असता तर मागे उडी मारली असती. त्या संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, सगळे स्टूल स्टोअरमध्ये टाका, आजपासून प्रॅक्टिकल उभ्यानं. मी एकेक नेऊन माळ्याखाली रचले आणि साखळी घालून कुलूप लावलं. नियम चुकीचा नव्हता. आजही कोणी विचारलं तर मी हेच म्हणीन.

आता विटेचं.

प्लांटवाल्यांच्या पुष्कळ घरांत भट्टीची एखादी वीट सापडते. मरम्मतीत निघालेली, पिवळसर, साध्या विटेहून वजनदार. कोणाच्या दाराला टेकण, कोणाच्या तुळशीखाली. मॅडमनी बापाची वीट लॅबमध्ये आणून स्टोअरच्या फळीवर ठेवली होती. मला वाटलं, तापलेलं भांडं ठेवायला. मग एक दिवस म्हणाल्या, "भाऊ, ही जरा तापवून द्या. कंबर धरली." मी बर्नरवर जाळी ठेवून तापवली, जुन्या टॉवेलात गुंडाळली. ही वीट हळू तापते आणि तापली की दोन तास ऊब सोडत नाही. मॅडम स्टोअरमधल्या खोक्यावर बसल्या, दार लोटलं. काही तरी विसरलं म्हणून मी आत गेलो तर वीट कंबरेला नव्हती. पोटाशी धरून दुमडून बसल्या होत्या, तोंड पांढरं, दातांत पदर. मी उलट्या पायी बाहेर आलो.

त्यानंतर दर महिन्याला वीट. आम्ही दोघंही कंबरच म्हणत राहिलो.

माझं लग्न झालेलं होतं, मी काही दुधखुळा नव्हतो. आमच्या घरी बाई चार दिवस बाजूला बसायची, तेव्हा भाकरी मी थापायचो. हेही मी कोणाला सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी पुरुषानं जाणायच्या आणि न जाणल्यासारखं करायच्या, अशी आमची रीत. त्या रीतीत मी पक्का होतो.

वीट कधी लागेल हे मला आधीच कळायला लागलं. दोन-तीन दिवस आधी मॅडमचं डोकं फिरायचं. फळ्यावर खडू मोडायचे. धुतलेला बीकर पुन्हा धुवायला लावायच्या, पंख्याचा आवाज सहन व्हायचा नाही, एखाद्या पोराला अशा बोलायच्या की तो दिवसभर मान खाली घालून फिरायचा. मग दुसऱ्या दिवशी माझ्या फळीवर दोन पेरू. माफी बिफी नाही, पेरू. मी पोरांना दबक्या आवाजात सांगायचो, आज सांभाळून रे. पेरू आले की जाळी पुसून ठेवायचो.

इतकं मला समजत होतं. म्हणून पुढचं लिहायला हात जड होतो.

पोरींची तऱ्हा मी बघतच होतो. लॅबमध्ये आठ-दहा पोरी असल्या की त्यात एखादी रोज तशी असणारच. टेबलाला पोट टेकवून उभी राहायची, एका पायावरून दुसऱ्या पायावर. ब्युरेटवरचा आकडा तीनदा वाचायची आणि तीनदा वेगळा सांगायची. एखादी उगाच रडायची, फिल्टर पेपर फाटला म्हणून. अर्जात सगळ्या बुखार लिहायच्या. मॅडम वाचायच्या आणि म्हणायच्या, इस कॉलेज में बुखार सिर्फ लड़कियों को आता है. पोरं हसायची. पोरी हसायच्या नाहीत. मग मॅडम स्टोअरमध्ये येऊन मला म्हणायच्या, "भाऊ, मी नाही का उभी राहिली? नागपूरले एम.एस्सी. केली, हॉस्टेलच्या पायऱ्यांवर ओकून प्रॅक्टिकलले गेली. कोणी स्टूल देल्ला का मले?" मी मान हलवायचो. मलाही कोणी कधी काही दिलं नव्हतं, त्यामुळे मला ते पटायचं.

खिलेश्वरी साहू फायनलला होती. खुर्सीपारचीच, बाप प्लांटमध्ये ठेकेदाराकडे. हात फार चांगला. टायट्रेशनमध्ये, फ्लास्कातला रंग पालटायच्या बेताला, शेवटचा थेंब कसा सोडावा हे तिला उपजत. अर्धा थेंब तोटीच्या टोकावर लोंबवायची आणि काचेला टेकवून आत घ्यायची. मॅडम तिच्यामागे उभ्या राहून बघायच्या आणि काही न बोलता पुढे जायच्या. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कोणाला मिळाली नाही. तिचं लग्न ठरलं होतं. बी.एस्सी. पुरी झाली की मग, असं तिनं बापाकडून कबूल करून घेतलं होतं, आणि पुढे बी.एड. करून शाळेत लागायचं, असं. हे तिनंच मला ब्युरेट परत देताना सांगितलं. मला ती कका म्हणायची, त्यांच्या छत्तीसगढीत काका.

पण महिन्यातून दोन दिवस त्या पोरीचा हात तिचा राहायचा नाही. त्याआधीही मॅडमसारखंच. एकदा जोडीदारणीवर इतकी खेकसली की मॅडमनी तिला बाहेर काढलं. घर का गुस्सा घर में, म्हणाल्या. त्याच आठवड्यात माझ्या फळीवर पेरू होते. मला हसू आलं होतं तेव्हा. हसण्यासारखं काय होतं त्यात, कोण जाणे.

फायनलच्या प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले. मॅडमनी सकाळपासून लॅब चकचकीत करवून घेतली होती. खिलेश्वरी आली ती भिंत धरून. ओठ सुकलेले. बाकीच्या पोरी आत गेल्या, ती स्टोअरच्या दारात माझ्यापाशी थांबली.

"कका, एक ठन स्टूल दे दे न."

एकच स्टूल मागितला. साखळीची चावी माझ्या खिशात होती. मी म्हटलं, मॅडमची ऑर्डर नाही, त्यांना विचार. ती म्हणाली, "तेंच पूछ दे न कका." तूच विचार ना. आता परीक्षकासमोर मी, पुरुष माणूस, मॅडमला काय म्हणून विचारू? मी म्हटलं, परीक्षा तुझी आहे की माझी? हे मी हसत म्हटलं होतं.

तिनं विचारलं. मॅडम परीक्षकांना कपाट दाखवत होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मी दारातून बघत होतो. त्या क्षणी मॅडमना सगळं कळलं, हे मी शपथेवर सांगतो. पण परीक्षक शेजारी उभे होते, नियम त्यांचा स्वतःचा होता, आणि त्यांची मान आधीच आखडलेली होती. "सब खड़े हैं," त्या म्हणाल्या, "तुम भी खड़ी रहो."

ती उभी राहिली. बराच वेळ राहिली. ब्युरेट भरली, फ्लास्क घेतला, काम सुरू केलं. शेवटाकडे आली होती. मग मी पाहिलं की तिनं फ्लास्क टेबलावर ठेवला, अगदी हळू, एक थेंब न सांडता, आणि टेबलाचा पाय धरून खाली बसली. परीक्षक म्हणाले, क्या हुआ. मॅडम म्हणाल्या, तबीयत. एका पोरीनं तिला उठवून बाहेर नेलं. बाहेर ओकल्याचा आवाज आला. ती परत आली नाही. परीक्षकांनी थोडी वाट पाहिली आणि तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं.

वीट माझ्या मागच्या फळीवर होती. बर्नर पेटलेलाच होता.

सगळे गेल्यावर तिचा फ्लास्क मला धुवायचा होता. रंग यायला एखाद थेंब बाकी असेल. मी तो बेसिनमध्ये ओतला. मॅडम दारात उभ्या होत्या, कधी आल्या कळलं नाही. म्हणाल्या, "भाऊ, स्टुलांचं कुलूप उघडा." मी उघडलं. त्या माळ्याखाली वाकल्या आणि स्टूल ओढायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या मॅडम, मी आणतो. "नाही," त्या म्हणाल्या, "नेले तुम्ही, माह्या सांगण्यावरून. आणाचे मी." दोन-दोन करून त्यांनी सगळे बाहेर आणले. धूळ झाडली. साडीची पार माती झाली. मी बाजूला उभा राहून बघत होतो. मला हात लावू दिला नाही, आणि मीही फार आग्रह केला नाही.

काही दिवसांनी म्हणाल्या, खिलेश्वरीच्या घरी जायचं आहे, गल्ली तुम्हाला ठाऊक असेल. स्कूटीवर मागे बसा म्हणाल्या. मी जन्मात बाईमागे गाडीवर बसलो नव्हतो. पायी येतो म्हटलं. "भाऊ, नखरे कावून करून राहिले?" मग बसलो. मागची दांडी दोन्ही हातांनी धरून, तोंड बाजूला करून. खुर्सीपारच्या चौकात ओळखीचा एक जण खदखदून हसला, त्याच्याशी मी अजून बोलत नाही.

अंगणात बाजेवर बसवलं, चहा आला. बापाला वाटलं मॅडम लग्नाचं विचारायला आल्या. तारीख पक्की झाली, म्हणाला. परीक्षेचं काय, मॅडमनी विचारलं. बाप म्हणाला, नसीब मॅडमजी, एक साल गया, अब ससुराल वाले जो बोलें. राग नव्हता त्याच्या बोलण्यात. राग असता तर बरं झालं असतं. मॅडम कप खाली ठेवून म्हणाल्या, चूक पोरीची नाही, माझी आहे. तो म्हणाला, अरे नहीं मॅडमजी, आप तो गुरु हैं.

त्याला कळत नव्हतं आणि त्याला कळल्याशिवाय मॅडमना उठता येत नव्हतं. मग त्या बाईनं जे स्टोअरच्या बंद दारामागेही कधी म्हटलं नव्हतं ते भर अंगणात म्हटलं. "उसको माहवारी का दर्द था. मुझे मालूम था. मैंने बैठने नहीं दिया." बाप जमिनीकडे पाहायला लागला. मी कोंबडीकडे. सांगतो म्हटलं तर सोपं आहे, पण त्या अंगणात ते वाक्य किती मोठं झालं होतं.

खिलेश्वरी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं रडून घेतलेलं असावं, आवाज कोरडा होता.

"मॅडम, आप भी तो ईंट रखती थीं."

मॅडमनी मान वर केली.

"सब लड़कियों को मालूम था," ती म्हणाली. "इसी लिए तो मैंने पूछा. मुझे लगा, आप दे देंगी."

मॅडम उठल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला की नुसता नेला, मला नीट दिसलं नाही. चहा तसाच राहिला.

परतताना गाडी कारखान्याच्या भिंतीच्या कडेनं चालली होती. मॅडम पुढे बघत म्हणाल्या, "भाऊ, बाबा अजून एक म्हणत. भट्टी थांबत नाही, म्हणून तं रिलीव्हर रायते. कोणाले चक्कर आली का दुसरा त्याच्या जागी उभा. मी तेवढं सोडून देल्लं." हे मला माहीत होतं. आमच्या बाजारात चहाच्या ठेल्यावर मिस्त्रींच्या तोंडून मी पूर्ण वाक्य ऐकलं होतं. इतकी वर्षं मॅडम अर्धंच बोलत होत्या आणि मला कधी वाटलं नाही की उरलेलं सांगावं. सातवी नापास माणसानं प्रोफेसरला काय सांगायचं? पण ते कारण नव्हतं. अर्धं वाक्य मलाही सोयीचं होतं.

त्यानंतर वीट पोरींची झाली. मॅडमनी वर्गात सांगितलं, ज्या कोणाला हवी असेल तिनं स्टोअरमध्ये भाऊंना सांगावं, कारण सांगायची गरज नाही. मी कुरकुर केली. लॅब आहे की दवाखाना, म्हटलं. पहिल्या पोरीनं मागितली तेव्हा तीही भिंतीकडे बघत होती, मीही. हळूहळू सवय झाली. "कका, ईंट" असं लांबूनच ओरडायला लागल्या. टॉवेल मी घरून आणायचो, धुतलेला. ॲसिडच्या कामाला उभं राहायचं, बाकीच्या वेळी बसलं तरी चालेल, असा नवा नियम झाला. एवढं साधं होतं ते.

मॅडमनी मात्र स्वतःसाठी वीट पुन्हा तापवू दिली नाही. खडू मोडायचे, पेरू यायचे, मी जाळी पुसून ठेवायचो, त्या म्हणायच्या नको. त्या दिवसांत स्टोअरच्या फळीला धरून उभ्या राहायच्या. मी म्हटलं, अहो, कोणी पाहत नाही. "तेच तं," एवढं म्हणाल्या.

दरवर्षी परीक्षेच्या आधी मात्र एक विचारायच्या. भाऊ, खिलेश्वरी बसली का यंदा? बाहेरून परीक्षा देता येत होती तिला. मी ऑफिसात जाऊन पाहून यायचो. नाही म्हणायचो. त्या बरं म्हणायच्या आणि पेन्सिल कानामागे खोचायच्या. एकदा बाजारात तिची आई भेटली. दोन लेकरं झाली म्हणाली, रायपूरकडे असते. हे मी मॅडमना सांगितलं नाही. नुसतं नाही म्हटलं, तेवढं पुरे होतं.

मी रिटायर होण्याच्या वर्षी मॅडमनी स्वतःहून नोकरी सोडली, मुलाकडे जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी ऑफिसात शाल, नारळ, भाषणं झाली. मी गेलो नाही, मला भाषणं आवडत नाहीत. लॅबमध्ये प्रॅक्टिकल चालू होतं, तिथे होतो. तेवढ्यात मॅडम आल्या, शाल खांद्यावर तशीच.

खिडकीजवळच्या टेबलाला एक पोरगी स्टुलावर बसली होती. मांडीत माझा टॉवेल, टॉवेलात वीट, आणि डोकं टेबलावर. तिच्यासमोर ब्युरेट भरलेली, खाली फ्लास्क. मॅडम आवाज न करता तिच्याजवळ गेल्या. मला वाटलं उठवतील. त्यांनी फ्लास्क उचलला आणि हलवायला लागल्या, मनगटातून, गोल गोल, जसा हलवतात तसा. तोटीला हात लावला नाही. थेंब सोडला नाही. काम पोरीचं होतं. त्या नुसत्या तिच्या जागी उभ्या राहिल्या आणि हलवत राहिल्या. शाल घसरून खाली पडली, ती उचलली नाही.

मग पोरीनं डोकं उचललं, दचकली, हात पुढे केला. मॅडमनी फ्लास्क तिच्या हातात दिला आणि मागे सरकल्या, ड्यूटी सुटल्यासारख्या. दारापाशी येऊन थांबल्या. परीक्षेचेच दिवस होते. मी सकाळीच ऑफिसात पाहून आलो होतो आणि दरवर्षीचं 'नाही' तोंडात धरून उभा होतो.

त्यांनी विचारलं नाही.